खेळाचे पाच हजार

  

गेल्या खेपेला आपण गटाच्या कर्जफेडीवर बोललो. आजचा विषय शाळेतला खेळ. काहीजणी म्हणतील, हा काय बचत गटाचा विषय झाला? पण आज आपण खेळाबरोबर खेळासाठी येणाऱ्या पैशांबद्दलही बोलणार आहोत. आणि पैशाचा हिशेब आला म्हणजे तो आपला विषय झालाच की.

तर आधी पैशाचं सांगतो. २०१८-१९ साली समग्र शिक्षा ही योजना सुरू झाली. खर्चाच्या शंभर रुपयांतले साठ केंद्राचे, चाळीस आपल्या राज्याचे. या योजनेत शाळेसाठी एक क्रीडा अनुदान वेगळं धरलेलं आहे. प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळेला १०,००० रुपयांपर्यंत, आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट ऐकून ठेवा. ती वरची मर्यादा आहे. आपल्या शाळेला यंदा नेमके किती आले, हे विचारल्याशिवाय कळत नाही. खडू, वीजबिल, किरकोळ डागडुजी यांच्यासाठी संयुक्त शाळा अनुदान म्हणून वेगळे पैसे येतात. खेळाचे पैसे खेळासाठीच आहेत. त्यांतून नळ बसवायचा नाही की भिंत रंगवायची नाही.

आता पाच हजार म्हणजे किती? आम्ही ज्या शाळेचं पुढं सांगणार आहोत, तिथं ४२ मुलं आहेत. पाच हजाराला ४२ नं भागलं तर एका लेकराच्या वाट्याला वर्षाचे ११९ रुपये येतात, महिन्याला दहा रुपयेसुद्धा भरत नाहीत. आपण गटात महिन्याला शंभर रुपये टाकतो. म्हणजे रक्कम लहान आहे, हे खरंच. सरकारनं ती वाढवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे आणि ते आम्ही ग्रामसभेतही मांडलं आहे. पण ‘एवढ्याशा पैशांत काय होतंय’ हा प्रश्न निदान बचत गटाच्या बायकांनी तरी विचारू नये. दर महिन्याच्या थोड्या थोड्या पैशांतून आपल्यातल्या कितीजणींच्या दारात शेळी आली, शिलाई मशीन आलं, ते आपल्याला माहीत आहे.

आता ती शाळा. गावाचं नाव घेत नाही, कारण अशी शाळा तुमच्याही गावात असेल. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. शाळेच्या व्हरांड्यात आमच्या एका गटाची बैठक चालली होती. कोपऱ्यात एक लोखंडी पेटी, तिला कुलूप, आणि वर पोषण आहाराची रिकामी पोती. एका सदस्य ताईंनी सहज विचारलं, या पेटीत काय आहे हो? गुरुजींनी किल्ली शोधून पेटी उघडली. आत बॅडमिंटनच्या चार रॅकेटी होत्या, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या. कॅरम होता, पण स्ट्रायकर नव्हता. बुद्धिबळाच्या डब्यात एकच घोडा. एक मोठी बॅट, तिसरी-चौथीच्या पोराला दोन्ही हातांनी उचलायची नाही अशी. आणि तीन चेंडू, तिन्ही बसलेले. हवा भरायचा पंप होता, पण त्याची सुई हरवलेली. एवढ्याशा सुईपायी तीन चेंडू पेटीत पडून! साठ्याच्या रजिस्टरात मात्र सगळं जागच्या जागी. पैसे कुणी खाल्ले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. पैसे आले होते, सामान आलं होतं, पावत्याही होत्या. फक्त पोरं खेळत नव्हती.

आपल्याला वाटतं, घोटाळा म्हणजे कुणीतरी पैसे खाणं. पण विकत घेतलेली वस्तू वापरलीच गेली नाही, तर तोही पैसा बुडालाच.

गुरुजींची बाजूही ऐकली पाहिजे. दोन माणसं, चार वर्ग. त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, बैठका, प्रशिक्षणं. शारीरिक शिक्षणाचा वेगळा शिक्षक पहिली ते पाचवीला नसतो. शिक्षण हक्क कायद्यात अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत, पण ते सहावी ते आठवीला आणि तेही मुलं शंभराच्या वर असली तरच. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकानंच गणितही शिकवायचं आणि लंगडीही. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक आहे, त्यात खेळ चित्रांसकट दिलेत. पण वाचन-गणिताची चाचणी तोंडावर आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. चाचणीत लंगडीला मार्क नाहीत ना.

दुसरं एक कारण गुरुजींनी जरा चाचरतच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी खेळताना एका पोराचा हात मोडला होता. बाप शाळेत येऊन गावासमोर नाही नाही ते बोलला. तेव्हापासून मैदानावर पोरं सोडायची त्यांना भीती वाटते. आम्हाला हे ऐकून राग नाही आला, उलट पटलं. आपलं लेकरू झाडावरून पडलं तर आपण झाडाला बोल लावत नाही, पण शाळेत पडलं की शिक्षकाला धारेवर धरतो. पालक असं वागणार असतील तर कुठला शिक्षक पेटी उघडेल? पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना आहे. त्यात काय बसतं, अर्ज कसा करायचा, हे मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवा. बापाला भांडायला सुचतं, अर्ज करायला सुचत नाही.

आता आपला हक्क कुठं येतो ते सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शाळेला काय काय असलं पाहिजे याची यादी आहे. तीत खेळाचं मैदान आहे, आणि प्रत्येक वर्गाला लागेल तसं खेळाचं साहित्य आहे. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती सांगितली. त्या समितीत चारातले तीन सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. शाळेचा विकास आराखडा करायचं आणि आलेल्या अनुदानाचा वापर कसा होतो यावर लक्ष ठेवायचं काम याच समितीचं. म्हणजे त्या पेटीची मालकी कायद्यानं निम्मी बायकांकडं आहे, असं म्हणायला हरकत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? पोराच्या हाती रजिस्टर घरी येतं, आई भाकरी थापता थापता सही करते, पोरगं रजिस्टर परत नेतं. त्या शाळेच्या समितीवर आमच्या गटांतल्या तिघीजणी होत्या. त्यांतल्या एकीला आपण समितीवर आहोत हेच ठाऊक नव्हतं. तिची मुलगी तिसरीत. त्या ताई आम्हाला म्हणाल्या, “मला वाटलं ते पोषण आहाराचं रजिस्टर आहे.”

मग आम्ही एक केलं. पुढच्या बैठकीला तिघींनी जोडीनं जायचं ठरवलं, आणि जाण्याआधी गटाच्या बैठकीत प्रश्न पाठ केले. यंदा क्रीडा अनुदान आलं का? किती आलं? गेल्या वर्षी काय घेतलं? ते कुठं आहे? खेळाचा तास वेळापत्रकात कधी आहे? एवढेच पाच प्रश्न. भांडायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही, फक्त उत्तर लिहून घ्यायचं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज ही फार पुढची गोष्ट आहे. रोज तोंड बघायचं असतं त्या माणसाला पहिल्याच दिवशी अर्ज टाकून काय मिळणार?

उत्तर असं आलं की पैसे बरेचदा वर्ष संपत आलं की येतात आणि मार्चअखेर खर्च दाखवावा लागतो. मग घाई होते, आणि दुकानदार जो तयार संच देईल तो घेतला जातो. बॅडमिंटनच्या रॅकेटी अशाच आल्या होत्या. आता वाऱ्या-पावसात, बिनजाळीच्या मैदानावर, दुसरीतलं पोरगं बॅडमिंटन काय खेळणार?

यावर उपाय सोपा आहे, आणि तो आपल्याला गटात येतो. बी-बियाणं एकत्र घेताना आपण काय करतो? आधी यादी करतो, मग दोन-तीन दुकानांतून दर आणतो, मगच पैसे देतो. तसंच इथं केलं. यादी जुलैतच करून समितीच्या इतिवृत्तात घातली, म्हणजे पैसे फेब्रुवारीत आले तरी काय घ्यायचं हे ठरलेलं. यादी करताना मुलांना विचारलं. मुलग्यांनी एका सुरात क्रिकेट सांगितलं. मुली गप्पच. मग त्यांना वेगळं बसवून विचारलं तर म्हणाल्या, दोरी, रिंग आणि खो-खो. आमचं मत असं पडलं की एका बॅट-स्टंपच्या संचात पैसे गेले तर दोघं खेळतात आणि बाकीचे लांबून चेंडू आणून देतात. त्यात मुलींचं काम काय, तर कडेला बसून दप्तरं सांभाळायचं. एका वेळी जास्तीत जास्त लेकरं ज्यानं पळतील ते घ्यायचं, हा नियम ठरवला.

त्या नियमानं यादी अशी झाली. सुती दोरी मीटरवर घेऊन तिचे तुकडे, प्रत्येक दोन मुलांत एक. रबरी रिंगा. हलके रबरी चेंडू, लहान-मोठे. पंप आणि सुया, सुया एक सोडून चार. मैदान आखायला फक्की. शिट्टी. मोजायची टेप. प्रथमोपचाराची पेटी. खो-खोचे दोन खांब गावातल्या सुतारमामांनी करून दिले. लगोरीच्या फरशा एका बांधकामावरच्या तुकड्यांतून फुकट मिळाल्या. राहिलेल्या पैशांत एक प्लॅस्टिकची बॅटही घेतली. मुलग्यांना नाराज कशाला करायचं?

खो-खोचा आम्ही आग्रह का धरला, त्याला कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि आपल्या संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ज्या खेळाला दोन खांब आणि मोकळी जागा पुरते, त्यात आपल्या मुली जगात पहिल्या आल्या. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. माण म्हणजे दुष्काळी मुलूख, तिथं काय सोयी असणार? ही नावं मुलींना सांगितली पाहिजेत, म्हणून सांगतो. पण आमचा मुद्दा पदकाचा नाही. ४२ मुलांतलं एखादं पुढं जाईल, नाही तर नाही. बाकीच्या ४१ जणांचं काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल केली पाहिजे. मुलगा शाळा सुटल्यावर पारावर, माळावर, नदीत कुठंही हुंदडतो. मुलगी घरी गेली की धाकट्या भावाला कडेवर घेते, पाण्याला जाते, भांडी घासते. ती दमते, पण खेळत नाही. तिच्या आयुष्यात खेळायची हक्काची जागा ही चार वर्षांची शाळाच. पाचवीला किंवा आठवीला दुसऱ्या गावी चालत जायचं म्हटलं की ती जागाही सुटते.

म्हणून वेळापत्रकाचा प्रश्न पैशाइतकाच मोठा आहे. त्या शाळेत खेळाचा तास शेवटचा होता, म्हणजे बहुतेकदा बुडणारा. समितीत ठरवून तो दुपारच्या जेवणाआधी घेतला. गुरुजींची एक अट होती, की मैदानावर दुसरं एखादं मोठं माणूस पाहिजे. मग आठवड्यातून तीन दिवस गटातल्या एकेका आईची पाळी लावली. सुगीत पाळ्या मोडतात, हे सांगून टाकतो. तेव्हा आज्या येतात. एका आजींनी पोरींना आट्यापाट्या शिकवल्या, आणि स्वतः पाटी धरून उभ्या राहिल्या. गुरुजींना त्या खेळाचे नियमच माहीत नव्हते, तेही शिकले.

अडचणी आल्या. मुली धावत नव्हत्या, कारण फ्रॉक उडतो. ही गोष्ट कुठल्या परिपत्रकात लिहिलेली नसते, ती आईलाच कळते. आयांनी वर्गणी काढून कापड आणलं आणि गटाच्या मशीनवर फ्रॉकखाली घालायच्या निळ्या पँटी शिवल्या. अनुदानातून हे केलं नाही, कारण ते पैसे खेळाच्या सामानाचे. दुसरी अडचण सासूबाईंची. पोरी उन्हात काळ्या पडतील, हातपाय मोडला तर पुढं लग्नाला अडचण, असं बोलणं झालं. एका घरी आम्ही दोनदा गेलो, तिसऱ्यांदा चहा मिळाला, पण नात अजून तासाला व्हरांड्यातच बसते. तिथं आमचं काही चाललेलं नाही. मैदानातले दगड मात्र गावच्या पोरांनी एका रविवारात वेचले, त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागलं नाही.

देणगीवर सगळं चालवावं असं काही जण सुचवतात. सरपंच एक व्हॉलीबॉल देतील, एखादा कार्यकर्ता वाढदिवसाला बॅट देईल. देऊ देत, पावती द्या आणि घ्या. पण त्यावर विसंबू नका. १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, म्हणून ती गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण गावोगावच्या पहिलीतल्या पोरांसाठी कोण घर गहाण टाकणार? त्यांच्यासाठी दरवर्षी ठरलेला, दुसरीकडं न वळवता येणारा पैसाच पाहिजे.

असा खेळासाठी बांधलेला पैसा इंग्लंडनंही दिला. लंडनचं २०१२ चं ऑलिंपिक झालं आणि दुसऱ्या वर्षी तिथं प्राथमिक शाळांसाठी खेळाचा वेगळा निधी सुरू झाला. पुढं २०१७ मध्ये तो दुप्पट करून वर्षाला ३२ कोटी पौंड केला, आणि त्यासाठी साखरेच्या थंड पेयांवरच्या कराचा आधार घेतला. तिथल्या शाळांची श्रीमंती आपल्याला नाही, तो हिशेब जाऊ द्या. पण त्यांच्या दोन अटी आमच्या मनात भरल्या. एक, पैसे कशावर खर्च केले आणि त्यानं काय फरक पडला, हे शाळेनं सर्वांना दिसेल असं जाहीर करायचं. दुसरी, पैसा संपला तरी मागं टिकेल असं काहीतरी उभं करायचं. म्हणून तिथं बऱ्याच शाळांनी सामानाबरोबर आपल्या शिक्षकांना खेळ शिकवायला शिकवलं.

पहिली अट आपल्याला एका फळ्यावर पाळता येते. त्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर आता खडूनं लिहिलेलं असतं: क्रीडा अनुदान किती आलं, काय घेतलं, किती उरलं. पोरं येता-जाता मोठ्यानं वाचतात, त्यामुळे वाचनाचा तासही होतो. दुसरीसाठी आमची मागणी अशी आहे की केंद्राच्या शिक्षण परिषदेत वर्षातून दोनदा तरी सत्र खेळाचं व्हावं, वर्गात नाही, मैदानावर. केंद्रप्रमुखांना तसं पत्र समितीच्या ठरावासकट दिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. या महिन्यात पुन्हा जाणार आहोत, आणि शेजारच्या गावांच्या समित्यांनी तसाच ठराव दिला तर बरं होईल. ठरावाचा मसुदा ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवू, ज्यांना हवा त्यांनी उतरून घ्यावा.

पेटीच्या किल्लीबद्दल बऱ्याच जणी विचारतात, म्हणून तेवढं सांगतो. किल्ली चौथीतल्या दोन मुलांकडं असते, एक मुलगी आणि एक मुलगा, दर महिन्याला जोडी बदलते. सामान काढताना मोजायचं, ठेवताना मोजायचं, तुटलं तर वहीत लिहायचं. तुटल्याबद्दल कुणाला ओरडायचं नाही, हे समितीनं ठरवूनच टाकलंय. दोऱ्या वर्षात झिजल्या आणि रिंगा फाटल्या, तर पैसे वसूल झाले असं आम्ही धरतो.

पावसाळ्याचं मात्र कोडं आहे. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, आणि व्हरांडा वीस मुलांपुरताच. म्हणून पुढच्या वर्षीच्या यादीत आडोशाला खेळता येईल ते वरती घातलंय: सागरगोटे, दोरी, रिंग, आणि फरशीवर घर आखायला रंग. कुठल्या गावानं पावसाळ्यातल्या खेळाची याहून बरी सोय लावली असेल, तर प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीत येऊन सांगा. यादी अजून पक्की केलेली नाही.